इसवण माशाची जात ब्लास्टवर कशी पडताळावी

म्हापशाच्या किंवा पणजीच्या बाजारातला इसवण (सुरमई) माशाचा तुकडा नेमका कोणत्या जातीचा, हे नजरेने सांगणे अवघड. डीएनएवरून ते कळू शकते. प्राण्यांची जात ओळखायला बहुधा सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग वाचतात. प्रयोगशाळेतून त्या अक्षरांची फाइल हाती आली की पुढचे काम कोणालाही घरच्या कॉम्प्युटरवर फुकट करता येते. त्यासाठी ब्लास्ट आहे: तुमची अक्षरे संग्रहातल्या ओळखीच्या डीएनएशी जुळवून पाहणारा प्रोग्रॅम. तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतल्या एनसीबीआय या सरकारी जैवमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावर तो सर्वांना खुला आहे.

आधी फाइल फास्टा स्वरूपात आहे ना, ते पाहा. पहिली ओळ > या चिन्हाने सुरू होते आणि तिथे नमुन्याचे नाव असते. खाली ए, टी, जी, सी. टोकांना ओळीने एन आले असतील तर ते छाटा, कारण तिथे मशीनला अक्षर ओळखता आलेले नाही. मग ‘न्यूक्लिओटाइड ब्लास्ट’ उघडा, मजकूर चौकटीत पेस्ट करा, बाकीच्या सेटिंग्ज आहेत तशा ठेवा आणि ब्लास्टचे बटण दाबा.

निकाल आला की बहुतेक जण यादीतले पहिले नाव उतरवून घेतात. तसे करू नका, तीन रकाने एकत्र वाचा. आयडेंटिटी म्हणजे जुळवलेल्या भागात किती टक्के अक्षरे सारखी आहेत. क्वेरी कव्हर म्हणजे तुमचा किती भाग मुळात जुळवला गेला. आयडेंटिटी १०० टक्के, पण कव्हर १२ टक्केच असेल, तर तो निकाल ६५० पैकी जेमतेम ७८ अक्षरांवर उभा आहे. ई-व्हॅल्यू सांगते की इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडली असती. ती शून्याजवळ हवीच, पण तिच्यावर जात ठरत नाही: स्कोम्बेरोमोरस कॉमर्सन आणि स्कोम्बेरोमोरस गुट्टाटस या जवळच्या दोन जाती घ्या, दोन्हींसमोर ती शून्यालगतच दिसेल. फरक आयडेंटिटीत शोधा. एक जात ९९ वर आणि दुसरी ९० च्या आसपास असेल तर उत्तर स्पष्ट आहे. दोन्ही ९९ वर असतील तर फक्त प्रजातीचे (जीनसचे) नाव, म्हणजे स्कोम्बेरोमोरस, एवढेच लिहा. माझ्या मते तेच प्रामाणिक.

आता अलाइनमेंट्स उघडा. वरची ओळ तुमची, खालची संग्रहातली, जुळलेल्या अक्षरांच्या मध्ये उभी रेघ. तुमच्या ओळीत मध्येच एका अक्षराच्या जागी आडवी रेघ दिसली तर थांबा. सीओआय हे प्रथिन बनवणारे जनुक, त्यातली अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. एक गळाले तर पुढचे सगळे गट सरकतात आणि प्रथिन बिघडते. म्हणून अशी रेघ ही बहुधा वाचनातली चूक असते. प्रयोगशाळेकडून क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीनच्या वाचनाचा आलेख, मागवा, त्या जागेची शिखरे स्वतः पाहा, चूक असेल तर अक्षर दुरुस्त करा आणि ब्लास्ट पुन्हा चालवा.