व्हीएव्ही बॉक्स बसवताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

पुण्यातल्या एका ऑफिसात शेजारी-शेजारी दोन केबिन होत्या. प्रत्येकीच्या सीलिंगमध्ये स्वतःचा व्हीएव्ही बॉक्स, म्हणजे सेंट्रल एसीच्या डक्टमधून त्या खोलीत जाणारी थंड हवा कमी-जास्त करणारा डबा. एकीतले साहेब दुपारपर्यंत घामाघूम व्हायचे, शेजारच्या मॅडम मे महिन्यातही शाल पांघरून बसायच्या. तक्रार जुनी होती. कंट्रोलर बदलून झाला होता, थर्मोस्टॅट बदलून झाला होता, चिलरचं पाणी आणखी गार करून झालं होतं. मी ट्रॅप डोअर उघडून फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घातलं आणि खाली उभ्या सहकाऱ्याला साहेबांच्या थर्मोस्टॅटवर १८ लावायला सांगितलं. साहेबांच्या केबिनवरच्या बॉक्सचा डॅम्पर, म्हणजे हवा अडवणारं-सोडणारं पातं, जागचा हलला नाही. मॅडमच्या केबिनवरचा सावकाश उघडायला लागला.

दोन सेन्सरच्या वायरींची अदलाबदल झाली होती. साहेबांना उकडलं की ते सेटिंग खाली आणायचे आणि ती वाढीव हवा मॅडमच्या केबिनमध्ये जायची. मॅडमना थंडी वाजली की त्या सेटिंग वर न्यायच्या आणि साहेबांची हवा तुटायची. दोन्ही कंट्रोलर आपापलं काम चोख करत होते.

त्या दिवसापासून मी कुठल्याही तक्रारीवर आधी हीच तपासणी करतो. एका थर्मोस्टॅटवर टोकाचं सेटिंग लावायचं आणि वर कोणता डॅम्पर हलतो ते डोळ्यांनी बघायचं. बीएमएसच्या (इमारतीच्या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या संगणकाच्या) स्क्रीनवर बघून चालत नाही, कारण स्क्रीनवरची नावंसुद्धा त्याच माणसाने त्याच घाईत भरलेली असू शकतात.

व्हीएव्ही बॉक्सच्या कंट्रोलरला खोली दिसत नाही. त्याच्याकडे दोन आकडे येतात. एक भिंतीवरच्या सेन्सरचं तापमान, दुसरा बॉक्सच्या तोंडाशी असलेल्या फ्लो सेन्सरच्या दोन नळ्यांमधला दाबाचा फरक. या दोन आकड्यांवरून तो डॅम्पर किती उघडायचा ते ठरवतो. आकडा खोटा असेल तर महागातला महाग कंट्रोलरही चुकीची हवा सोडणार, तीही अगदी अचूकपणे. मला भेटलेल्या बहुतेक ‘खराब’ कंट्रोलरच्या मागे असा एखादा खोटा आकडा निघाला आहे.

बॉक्सच्या तोंडाशीच वळण

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि सीलिंग बंद झालं की ते कुणालाच दिसत नाही. बीम आडवा आला, फायरचा पाइप आला, म्हणून डक्टवाला बॉक्सच्या तोंडाला थेट फ्लेक्सिबल डक्टचं वळण जोडतो. वळणातून हवा एका बाजूला रेटली जाते. फ्लो सेन्सर बॉक्सच्या तोंडाच्या आडव्या छेदात अनेक ठिकाणी दाब घेऊन सरासरी काढतो, पण एका बाजूला वादळ आणि दुसऱ्या बाजूला शांतता असेल तर ती सरासरी कामाची राहत नाही. तोंडाच्या व्यासाच्या निदान तिप्पट लांबीचा सरळ पत्र्याचा डक्ट ठेवा. दहा इंची बॉक्सला म्हणजे तीस इंच. उत्पादकाने जास्त लांबी सांगितली असेल तर तेवढी. जागाच नसेल तर बॉक्स पुढे-मागे सरकवा, हँगर बदला, ड्रॉइंगवर भांडा. सीलिंग लागल्यावर हे दुरुस्त करायला दहापट खर्च येतो.

त्या दोन बारीक नळ्यांकडेही लक्ष द्या. जास्त दाबाची आणि कमी दाबाची नळी उलट बसली की कंट्रोलरला हवा शून्य दिसते आणि तो डॅम्पर पूर्ण उघडून ठेवतो. खोली गोठते, स्क्रीनवर मात्र शून्य सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). नळी हँगरखाली चेपलेली असते, कधी तिला चीर गेलेली असते. इंटीरियरचं काम चालू असताना डक्टची उघडी तोंडं प्लास्टिकने बांधली नाहीत तर पीओपीची धूळ सेन्सरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते. साफ करताना आधी नळ्या कंट्रोलरपासून सोडवा आणि मगच सेन्सरच्या बाजूने हलकी हवा मारा. नळी जोडलेली असताना काँप्रेसरची हवा मारली तर कंट्रोलरमधला नाजूक दाब-सेन्सर कायमचा जातो.

लेबलवरचा गुणक

प्रत्येक बॉक्सच्या लेबलवर एक के-फॅक्टर छापलेला असतो. दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाला त्याने गुणलं की सीएफएम मिळतात. साईटवर चाळीस बॉक्स असले की एकाचं कॉन्फिगरेशन करून बाकीच्यांवर कॉपी मारायचा मोह होतो. आकार वेगळा असेल तर काय होतं ते बघा. दहा इंची बॉक्सला आठ इंचीचा गुणक दिला, तर क्षेत्रफळाच्या हिशोबाने कंट्रोलर खऱ्या हवेच्या ६४ टक्केच मोजतो. स्क्रीनवर ५०० सीएफएम अगदी सुरेख स्थिर दिसतात, प्रत्यक्षात जवळपास ७८० जात असतात. ही जास्तीची हवा डक्टच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या लोकांच्या वाट्याची असते. तक्रार येते तिकडून, आणि आपण तिकडचाच बॉक्स उघडून बसतो.

म्हणून डिफ्यूझरखाली (खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीखाली) फ्लो हूड, म्हणजे हवा मोजायचं टोपडं, धरून मोजा आणि ती बेरीज स्क्रीनशी ताडून बघा. बॉक्सनंतरच्या डक्टमधून गळती नाही ना, तेही त्याच वेळी कळतं.

कमीत कमी हवा

डिझाइनवाले ‘पुढे लागेल’ म्हणून मोठा बॉक्स निवडतात. आठ इंची तोंडातून ७०० सीएफएम जातात तेव्हा हवेच्या वेगाचा दाब, ज्यावरून सेन्सर हवा मोजतो तो, साधारण ६२ पास्कल असतो. १०० सीएफएमवर तो सव्वा पास्कलवर येतो. हवा सातपट कमी, दाब एकोणपन्नासपट कमी. सेन्सरच्या रचनेमुळे हा सिग्नल काहीसा वाढतो, तरी इतक्या खाली शून्याची जरा चूक झाली की अख्खं मोजमाप गेलं. त्यामुळे झीरो कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा शून्य ठरवणं, एएचयू (हवा थंड करून डक्टमध्ये ढकलणारं यंत्र) बंद असतानाच करा. चालू हवेत झीरो घेतला तर ती चूक पुढे प्रत्येक आकड्यात मिसळते.

किमान हवा ठरवताना दुसरी गफलत होते. ॲशरे ६२.१ या ताज्या हवेच्या अमेरिकी मानकाप्रमाणे ऑफिसला आणि कॉन्फरन्स रूमला माणशी ५ सीएफएम आणि दर चौरस फुटाला ०.०६ सीएफएम बाहेरची हवा लागते. ३०० चौरस फुटांच्या खोलीत बारा माणसं बसली तर ६० अधिक १८, म्हणजे ७८. हाच आकडा बॉक्सचं किमान म्हणून टाकलेला मी अनेकदा पाहिला आहे. पण बॉक्समधून येणारी सगळी हवा बाहेरची नसते. एएचयूमध्ये ताज्या हवेचा वाटा २५ टक्के असेल तर ७८ मिळायला ३१२ सीएफएम सोडावे लागतात. मीटिंगमध्ये तासाभराने सगळ्यांचे डोळे जड होतात, त्याचं कारण कधीकधी इथे असतं.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघा. बॉक्सच्या जोडावर, डॅम्परच्या दांड्याजवळ इन्सुलेशन उघडं राहिलं की तिथे पाणी सुटतं आणि जिप्समवर पिवळे डाग पडतात. लोक त्याला ड्रेनचा पाइप फुटला समजतात.

वीज आणि कम्युनिकेशन

२४ व्होल्ट एसीच्या एका ट्रान्सफॉर्मरवर किती कंट्रोलर लावायचे ते अंदाजाने ठरवू नका. कंट्रोलर आणि ॲक्च्युएटरचे (डॅम्पर फिरवणाऱ्या मोटरचे) व्हीए, म्हणजे विजेचा भार, मिळवा आणि वर चतुर्थांश तरी जागा मोकळी ठेवा. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या कंट्रोलरना लाइन आणि कॉमन एकाच क्रमाने द्या. एका ठिकाणी उलट झालं आणि कॉमन अर्थिंगला जोडलेला असला तर सरळ शॉर्ट होतो.

बॅकनेट एमएस/टीपीची, म्हणजे कंट्रोलरना आपसात बोलायला लावणारी, केबल एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी न्या, मध्येच फाटे फोडू नका. १२० ओहमचे टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचे रोधक) फक्त दोन टोकांना. सगळ्यांची वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. साधारण ६० ओहम आले तर ठीक, ४० आले तर कुणीतरी तिसरा टर्मिनेटर लावलाय, १२० आले तर एक गायब आहे. दोन कंट्रोलर आळीपाळीने ऑफलाइन जात असतील तर दोघांचा पत्ता एकच आहे का ते आधी बघा.

तक्रार आली की

डॅम्पर शंभर टक्के उघडा आणि तरी हवा कमी, तर बॉक्सला दोष देऊ नका. मागे दाब नाही. एएचयूचा स्टॅटिक प्रेशर (डक्टमधला दाब) बघा, मधला फायर डॅम्पर (आगीत डक्ट बंद करणारा) पडला आहे का बघा, फ्लेक्सिबल डक्ट पिळला गेला आहे का बघा.

स्क्रीनवर डॅम्पर बंद आणि खाली हवा चालूच, तर ॲक्च्युएटरचा क्लँप दांड्यावर घसरतोय. दांड्याच्या टोकावरची खाच पातं नेमकं कुठे आहे ते सांगते. ॲक्च्युएटरचं बटण दाबून पातं हाताने पूर्ण बंद करा, मग क्लँप आवळा. नव्वद अंशांत फिरणारं पातं की पंचेचाळीस, तेही तेव्हाच तपासा.

हवा बरोबर आणि खोली तरी चुकीची, तर थर्मोस्टॅटकडे जा. तो उन्हात आहे, प्रिंटरमागे आहे, किंवा त्याच्या पाठीमागच्या कंड्युटमधून भिंतीतली हवा त्याच्यावर फुंकर घालतेय. कंड्युटचं तोंड पुट्टीने बुजवा. ऑफिसची नवी पार्टिशनं पडल्यावर सेन्सर भलत्याच खोलीत राहून जातो, आणि इंटीरियरवाला ते आपल्याला कधीच कळवत नाही.

काम संपलं की मी ट्रॅप डोअरच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावतो. बॉक्सचा नंबर, तोंडाचा आकार, के-फॅक्टर, किमान आणि कमाल सीएफएम, कंट्रोलरचा पत्ता, हूडने मोजलेला आकडा आणि तारीख. पुढच्या वेळी शिडीवर चढणारा कदाचित दुसराच कुणी असेल, आणि लॅपटॉप उघडण्याआधी त्याला तो दिसेल.