स्प्रे मारताना छातीत काय जातं आणि ते कमी कसं करायचं

एकदा बूट वॉटरप्रूफ करायचा स्प्रे घेऊन मी बाथरूममध्ये शिरलो, वास घरभर नको म्हणून दारही लावून घेतलं, आणि पाच मिनिटांत खोकून खोकून डोळ्यांत पाणी. तेव्हापासून कुठलाही स्प्रे घेताना मी आधी तोंड बघतो, म्हणजे बाटलीचं.

सगळा खेळ थेंबाच्या साइजचा आहे. १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, १००० नॅनोमीटर) मोठे थेंब बहुतेक नाकाघशातच अडकतात, त्याहून बारीक ते खाली उतरतात, आणि नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरवाले कण (आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, आता करा हिशोब) पार फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचू शकतात. हाताने दाबायचा पंप मोठे थेंब टाकतो, ते लगेच खाली बसतात. गॅसवाला डबा मात्र एकदम बारीक धुकं करतो, त्यातलं सॉल्व्हंट (बाकीचं रसायन ज्यात विरघळवलेलं असतं तो द्रव) हवेतच उडून गेलं की थेंब अजून लहान होतो, आणि आपल्याला वाटतं गेलं धुकं. गेलं कुठलं, फक्त दिसेनासं झालं.

२००६ मध्ये जर्मनीत 'मॅजिक नॅनो' नावाचा काच-टाइल्सवर मारायचा स्प्रे आला होता, शंभरेक लोकांना श्वासाचा त्रास झाला, काहींच्या फुफ्फुसात पाणी झालं, सगळ्यांनी नॅनोच्या नावाने बोंब मारली आणि तपासलं तर त्यात नॅनोकण नव्हतेच! आधी पंपाच्या बाटलीत मिळायचा त्याच्या अशा तक्रारी नव्हत्या, त्रास झाला तो गॅसच्या डब्याने. म्हणून लेबलवर नॅनो लिहिलंय का एवढंच बघून चालत नाही.

तर करायचं काय, पंपवाला मिळत असेल तर तोच घ्या. ओटा, आरसा पुसायचा असेल तर हवेत फवारू नका, फडक्यावर मारा, फडकं जवळ धरून, आणि मग पुसा. सनस्क्रीन स्प्रे तोंडावर कधीच थेट नको, हातावर घेऊन चोळा, कारण काहींत ऊन अडवायला घातलेलं टायटॅनियम डायऑक्साइड कातडीवर ठीक असलं तरी श्वासातून जाणं वेगळी गोष्ट. बूट, सोफा वगैरेचे वॉटरप्रूफिंगवाले स्प्रे फक्त बाहेर, वारा पाठीकडून येईल असे उभे राहून. घरात मारावाच लागला तर खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, मारून झालं की तुम्ही खोलीबाहेर, पोरं आणि मांजर तर आधीच बाहेर.

मास्क? नीट चिकटून बसलेला एन९५ बारीक कणही बऱ्यापैकी अडवतो, सैल सर्जिकल मास्कच्या कडेने बरंच आत येतं. पण सॉल्व्हंटची वाफ एन९५ पण अडवत नाही, त्यामुळे वास येतोय म्हणजे वाफ आत जातेय.

आणि हो, वॉटरप्रूफिंग स्प्रेचा त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. खोकला थांबेना, छाती आवळल्यासारखी वाटली, धाप लागली तर घरी वाफारे घेत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा आणि डबा सोबत न्या, लेबल वाचून त्यांना निदान कळेल तरी आत काय होतं.