ब्रुअरीत करिअर करायचंय? आधी लागर समजून घ्या

ब्रुइंग, म्हणजे बिअर बनवणं, शिकायला बाहेर जायचंय, जर्मनी गाठू की अमेरिका, असं विचारणारी बरीच मुलं हल्ली भेटतात. मी बर्लिनला शिकलो आणि आता कोलोरॅडोतल्या एका छोट्या ब्रुअरीच्या सेलरमध्ये, म्हणजे बिअर आंबते-मुरते त्या टाक्यांच्या विभागात, काम करतो. (पुण्यात आई नातेवाइकांना अजूनही ‘फूड टेक्नॉलॉजी’ एवढंच सांगते. तेही काही खोटं नाही.) माझं मत असं, की शिका जर्मनीत, पण अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींची क्राफ्ट लागर (थंडीत हळू आंबवून मुरवलेली बिअर) नीट चाखल्याशिवाय आपल्याला जर्मन बिअर कळली असं समजू नका.

चाखायची कशी, हे आधी सांगतो, कारण जर्मन आणि अमेरिकन लागरची तुलना बहुतेक जण चुकीची करतात. अमेरिकेतल्या दुकानात मिळणारी जर्मन पिल्सनर (फिकट, कडवट लागर) बोटीने आलेली असते, मग गोदामात आणि फळीवर पडून राहते. तेवढ्या काळात ऑक्सिजन आपलं काम करतो. आधी मधासारखा गोडसरपणा येतो, मग ओल्या पुठ्ठ्याची चव. बाटली हिरवी असेल तर उजेडाने वास बिघडतो तो वेगळाच. इथल्या कित्येकांना हीच ‘अस्सल जर्मन चव’ वाटते! फ्रायझिंगला किंवा म्युनिकला पिंपातून ताजी हेलेस (फिकट, सौम्य लागर) पिणाऱ्याला ती ओळखूही येणार नाही. त्यामुळे शेजारच्या ब्रुअरीतली ताजी पिल्सनर आणि ही दमलेली बाटली शेजारी ठेवून निकाल लावू नका. तळाशी छापलेली तारीख वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

दुसरा गैरसमज १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता कायद्याचा, की त्यामुळेच जर्मन बिअर वेगळी लागते. जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि पाणी, एवढंच त्यात म्हटलं होतं. यीस्टचा उल्लेखही नव्हता. आज त्याच परंपरेतल्या नियमांमुळे जर्मन ब्रुअरला मॅशची (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, गरम पाण्यात कालवतात त्याची) आम्लता वाढवायला सरळ कॅनमधलं लॅक्टिक ॲसिड ओतता येत नाही. मग तो वॉर्टचा, म्हणजे मॅशमधून गाळलेल्या गोड रसाचा, एक भाग माल्टवरच्याच जिवाणूंकडून आंबवून घेतो आणि तो मिसळतो. आम्ही इथे ॲसिड मोजून ओततो. पीएच तोच येतो, चवीत फरक असलाच तर फार बारीक. अनेक ठिकाणी यीस्टही दोन्हीकडे एकच असतं, म्युनिकजवळच्या वाइहेनस्टेफान या ब्रुइंग शिकवणाऱ्या संस्थेचं ३४/७० हे वाण.

गंमत म्हणजे मॅशचा काही भाग काढून उकळायचा आणि परत मिसळायचा, ही डिकॉक्शनची जुनी पद्धत जर्मनीतल्या बऱ्याच ब्रुअरींनी इंधन आणि वेळ वाचवायला सोडून दिली. डेन्व्हरची बीअरश्टाट लागरहाउस मात्र जर्मनीहून आणलेल्या तांब्याच्या जुन्या भांड्यांत ती हौसेने करते.

खरा फरक हॉप्सचा. जर्मन पिल्सनरमध्ये कडवटपणा स्वच्छ येतो आणि कोरडा संपतो, हॉप्सचा वास मागे राहतो. सॅम्युएल ॲडम्स या अमेरिकन ब्रँडने १९८५ मध्ये बॉस्टन लागर आणली ती हालरटाऊ आणि टेटनांगच्या जर्मन हॉप्सवर, म्हणजे सुरुवात तिथूनच झाली. पुढे अमेरिकनांनी थंड टाकीत सुके हॉप्स टाकायला सुरुवात केली. फायरस्टोन वॉकर या अमेरिकन ब्रुअरीची पिव्हो चाखा. हॉप जर्मन, कल्पना इटालियन पिल्सनरची, हात अमेरिकन. मला ती आवडते. पण पिल्सच्या नावाखाली लागर यीस्टवरची आयपीए (हॉप्सचा भरपूर मारा असलेली बिअर) विकतात, तेव्हा वैताग येतो.

सेलरमध्ये तुम्हाला बहुधा सगळ्यात आधी शिकवतील ती डायॲसिटिलची, म्हणजे आंबताना तयार होणाऱ्या लोण्यासारख्या वासाच्या द्रव्याची, चाचणी. टाकीतून दोन काचेच्या बरण्यांत नमुना घ्यायचा आणि तोंडाला फॉइल लावायची. एक बरणी अर्धा तास ६० अंशांच्या पाण्यात ठेवायची, मग गार करून दोन्ही हुंगायच्या. गरम केलेल्या बरणीत लोण्याचा वास आला, की यीस्टचं काम बाकी आहे. टाकी शून्य अंशाकडे न्यायची नाही, मग विक्रीवाले कितीही फोन करोत. एलमध्ये (उबेत लवकर आंबणाऱ्या बिअरमध्ये) असे दोष फळांच्या आणि हॉप्सच्या वासाआड थोडेफार लपतात. हेलेसमध्ये लपायला जागाच नसते, म्हणून नाक तयार होतं ते लागरवरच.

आता कोर्सेसबद्दल. वाइहेनस्टेफानच्या पदवीसाठी जर्मन चांगलं यावं लागतं. ‘ब्राउअर उंड मेल्त्सर’ (ब्रुअर आणि माल्ट बनवणारा) ही तीन वर्षांची उमेदवारीही जर्मनमधूनच होते, पण शिकताना पगार मिळतो. भाषा नसेल तर बर्लिनच्या व्हीएलबी या ब्रुइंग संस्थेचा साधारण सहा महिन्यांचा इंग्रजी कोर्स बरा. अमेरिकेत यूसी डेव्हिस विद्यापीठाचं नाव आहे. कुठेही शिकलात तरी पहिलं वर्ष टाक्या धुण्यात जाणार, गमबूट चांगले घ्या.

परत यायचा विचार असेल तर पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाल्यापासून आपल्याकडेही संधी आहेत. पण जागा कमी, टाक्या मोजक्या. एल दोन-तीन आठवड्यांत टाकी रिकामी करते, लागर दीड-दोन महिने अडवून बसते. म्हणून मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा: तुमची लागर टाकीत किती आठवडे राहते? ‘दोन’ असं उत्तर आलं, तर पगार कितीही असो, लागर शिकायला ती जागा नाही.