सहाय्यक निवासासाठी जमीन-वापराची मंजुरी : जागा घेण्याआधीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत

आंघोळ, औषधे, चालणे-फिरणे यांसाठी रोज कोणाचा तरी हात लागतो, पण रुग्णालयात राहण्याची गरज नाही, अशा ज्येष्ठांसाठी निवास सुरू करू इच्छिणारे बहुतेक जण आधी जागा पाहतात, विसार देतात आणि मग वास्तुविशारदाकडे जातात. हा क्रम उलटा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार जमिनीचा वापर बदलण्यासही नियोजन प्राधिकरणाची (म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद यांसारख्या संस्थेची) परवानगी लागते. त्यामुळे तयार बंगला भाड्याने घेतला आणि एक वीटही हलवली नाही, तरी तेथे असा निवास चालवता येईल की नाही, हा प्रश्न उरतोच.

सर्वांत आधी वापराचे नाव ठरवावे. ‘वृद्धाश्रम’, ‘केअर सेंटर’, ‘सहाय्यक निवास’ हे शब्द बोलण्यात सरमिसळ होऊन येतात, परंतु परवानगीच्या कागदावर त्यांचे परिणाम वेगवेगळे होतात. ज्येष्ठ दांपत्ये स्वतंत्र सदनिकांत स्वतःच्या बळावर राहणार असतील, तर तो निवासी वापर ठरू शकतो. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मात्र वृद्ध व दुर्बल व्यक्तींच्या निवासाला संस्थात्मक इमारतींच्या गटात, सी-२ या उपगटात घालते, कारण आग लागल्यास तेथील माणसे स्वतःहून जिना उतरू शकतील असे गृहीत धरता येत नाही. आजारी किंवा विकलांग व्यक्तींना दाखल करून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणार असाल, तर शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ चाही विचार करावा लागतो. म्हणून खाटा किती, अंथरुणाला खिळलेल्या व्यक्ती घेणार का, रात्री परिचारिका असणार का, या प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहून काढावीत आणि तेच पान वास्तुविशारदाला द्यावे. परवानगी सोपी व्हावी म्हणून अर्जात ‘निवासी’ लिहायचे आणि आत खाटा मांडायच्या, हा मार्ग कोणी सुचवला तर तो ठामपणे नाकारावा. त्यात सर्वांत मोठा धोका तेथे राहणाऱ्या माणसांना असतो.

त्यानंतर जागेकडे वळावे. गट क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक देऊन झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मागवावा. महानगरपालिका वा नगरपरिषदेच्या हद्दीत तो तेथील नगररचना विभागाकडून मिळतो. हद्दीबाहेरच्या जमिनीसाठी प्रादेशिक योजना पाहावी लागते. जमीन कोणत्या वापर-विभागात (झोनमध्ये) आहे, तिच्यावर एखादे आरक्षण आहे का, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली आहे का, प्रस्तावित रस्ता तिच्यातून जातो का आणि समोरच्या रस्त्याची रुंदी किती आहे, हे या कागदांवरून कळते. रस्त्याची रुंदी क्षुल्लक समजू नये. कोणता वापर चालेल आणि इमारत किती उंच होईल, हे बरेचसे तिच्यावर ठरते, आणि रुग्णवाहिका व अग्निशमन वाहन दारापर्यंत येणेही तिच्यावरच अवलंबून असते.

मुंबई महानगरपालिका आणि इतर काही वगळलेली क्षेत्रे सोडल्यास राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईसाठी २०३४ च्या आराखड्याची स्वतंत्र नियमावली आहे. आपल्या वापर-विभागात अनुज्ञेय (परवानगी असलेल्या) वापरांची यादी वास्तुविशारदासोबत बसून स्वतः वाचावी. जमीन आरक्षित असेल, तर आराखड्यात नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करून घेता येईल असे सांगणारे भेटतात. त्या प्रक्रियेत जाहीर सूचना, नागरिकांच्या हरकती-सूचना आणि शासनाची मंजुरी हे सगळे येते. माझ्या मते तेवढ्या आशेवर जमीन घेऊ नये.

गावाकडे शांत आणि स्वस्त जमीन मिळते, पण शेतकरी नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन सर्वसाधारणपणे परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. अकृषिक, म्हणजे शेतीखेरीज, वापराबाबत काही सवलती आहेत. अंतिम विकास आराखड्यातील जमिनींसाठी, तसेच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी महसूल संहितेत स्वतंत्र तरतुदी आहेत. आपली जमीन त्यांत बसते का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारावे.

नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खालील परवानगीचा अर्ज परवानाधारक वास्तुविशारदामार्फत करावा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मालकी नसल्यास मालकाचे संमतिपत्र आणि इमारतीचे नकाशे सोबत जोडावेत. जागा सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल, तर संस्थेशी आधीच बोलून लेखी ना-हरकत घ्यावी. नकाशात १:१२ पेक्षा तीव्र नसलेला उतारमार्ग, स्ट्रेचर मावणारी लिफ्ट, चाकाची खुर्ची आत वळेल अशी स्वच्छतागृहे आणि दोन्ही बाजूंचे आधारदांडे सुरुवातीपासून दाखवावेत. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४४ सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला परवानगी नाकारण्यास सांगते, आणि भिंती उभ्या राहिल्यावर दार रुंद करणे फार महागात पडते.

साठ दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, पण प्रस्ताव नियमावलीशी तंतोतंत जुळत असेल तरच. म्हणून गप्प बसून दिवस मोजण्यापेक्षा अर्जातील उणिवा कळवणाऱ्या प्रत्येक त्रुटीपत्राला लेखी उत्तर देऊन त्याची पोच जपून ठेवावी. परवानगी नाकारली गेली, तर आदेश कळल्यापासून ४० दिवसांत नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते. ती दर वर्षी वाढवून घेता येते, तरी एकूण मुदतवाढ तीन वर्षांपलीकडे जात नाही.

बांधकाम संपल्यावर अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरात आणण्याची परवानगी, घ्यावे. या प्रमाणपत्रावर वापराचे नाव काय लिहिले आहे, ते अर्जातील नावाशी जुळवून पाहावे. त्यात चूक आढळल्यास ती दुरुस्त होऊन येईपर्यंत पहिल्या आजी-आजोबांची खोली रिकामीच ठेवावी.