जुनी हार्ले ‘फोर्टी-फाइव्ह’ पुन्हा चालती करताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातली हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए ही लष्करी मोटरसायकल हातात आली की नवा मालक आधी टाकी रंगवायला टाकतो. मग ‘चालू तरी होते का बघू’ म्हणून किक मारतो. रंग नंतरही होतो, पण ही घाईची किक फार महागात पडू शकते. इंजिन साधं आहे: ४५ क्युबिक इंच (म्हणून ‘फोर्टी-फाइव्ह’), म्हणजे साधारण ७४० सीसी, साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), व्ही-ट्विन (‘व्ही’ आकारात दोन सिलिंडर), तीन गिअर, सहा व्होल्ट. साधं आहे म्हणूनच लोक त्याला गृहीत धरतात आणि त्याच त्या चुका करतात.

तेल कुठे गेलं?

या गाडीचं तेल इंजिनात राहत नाही, टाकीत राहतं. डावी टाकी पेट्रोलची, उजवी तेलाची, सव्वाचार लिटरच्या आसपास. (हो, उजव्या टाकीत पेट्रोल ओतणारे महाभाग आहेत. झाकण उघडल्यावर आधी वास घ्या.) टाकी इंजिनाच्या वर असल्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतं. ते अडवायला पंपात स्प्रिंगवर बसवलेली छोटी गोळी असते. गोळीखाली कचरा अडकला किंवा तिची बैठक झिजली, की ती नीट बसत नाही.

खूण सोपी आहे. जमिनीवर थेंब नाही, तरी टाकीतली पातळी खाली गेलेली. अशात किक मारली की निळ्या धुराचा लोट उठतो, ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) तेल उडतं, प्लग तेलाने भिजतात. ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या’ असा निकाल देऊन लोक इंजिन उतरवतात, आणि रिंगा ठणठणीत निघतात. त्यापेक्षा किकला पाय लावण्याआधी क्रँककेसचा ड्रेन प्लग उघडा आणि जे येईल ते मापात धरा. दोन-तीन महिन्यांत कपभर आलं तर चालायचंच. एका रात्रीत अर्धा लिटर उतरत असेल तर पंप उघडा, गोळीची बैठक साफ करा, गोळी ठेवून पितळी सळईने एकच हलका टोला द्या, मग ती गोळी फेकून नवी गोळी आणि नवी स्प्रिंग घाला. तासाभराचं काम.

तो तास वाचवण्यासाठी तेलाच्या नळीत कॉक, म्हणजे बंद-चालू करायची तोटी, बसवतात. हा उपाय या गाड्यांचा खरा शत्रू आहे. अशाच एका गाडीचं नवं बोअर, नवे पिस्टन, सगळं झालेलं. कॉक बंद ठेवून गाडी तीन आठवडे उभी होती. चौथ्या रविवारी मालकाने पहिल्याच किकला चालू केली आणि खूश होऊन निघाला. डॅशवरचा तेलाचा लाल दिवा पेटलेलाच होता, पण उन्हात कोण बघतंय! काही मैलांत मागचा पिस्टन जाम. इंजिन उघडलं तेव्हा क्रँकपिनचे रोलर निळे पडले होते आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला फासलेलं होतं. कॉकची मूठ आडवीच, म्हणजे बंदच होती. ज्यांना कॉक हवाच असतो ते त्यावर लाल चिंधी बांधतात आणि चिंधीचं दुसरं टोक किकला. तेवढी शिस्त असेल तर ठीक. पण तेवढी शिस्त असलेला माणूस गोळीच बदलतो.

कार्ब्युरेटरचा गुन्हा नसतो

गाडी थंडीत चालू होते, गरम झाली की आयडलिंग आपोआप चढतं, थ्रॉटल बंद केला तरी उतरत नाही, कार्ब्युरेटरमधून फट्‌ फट्‌ आवाज येतो. प्लग काढून बघितले तर एक तपकिरी, दुसरा पांढराफट. दहातल्या नऊ वेळा ही हवेची गळती असते, इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीच्या) नटाखाली. पण नवशिक्याचा हात आधी या गाडीच्या लिंकर्ट कंपनीच्या कार्ब्युरेटरकडेच जातो. लो-स्पीड निडल (कमी वेगाचं मिश्रण ठरवणारी सुई) आत, बाहेर, पुन्हा आत. शेवटी ती इतकी आवळतो की निडलच्या टोकावर खाच पडते, आणि मग कार्ब्युरेटर खरोखरच बिघडतो. त्यानंतर नवा कार्ब्युरेटर, नवी कॉइल, नवे प्लग. गळती जिथल्या तिथे.

इंजिन चालू ठेवून स्प्रे मारत गळती शोधायची पद्धत सोडून द्या. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पेट घेणारा फवारा मारणं हे धाडस नाही, मूर्खपणा आहे, आणि बारीक गळती त्यात दिसतही नाही. कार्ब्युरेटर काढा. मॅनिफोल्डच्या तोंडावर रबरी गॅस्केटसह पट्टी लावा, पट्टीत ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा. टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्यांची) झाकणं वर करा आणि दोन्ही इनलेट व्हॉल्व्ह बंद दिसतील अशा जागी किकने इंजिन हळूच आणा. सायकलच्या पंपाने आठ-दहा पीएसआय हवा भरा आणि नटांभोवती ब्रशने साबणाचं पाणी लावा. फुगे येतील तिथे चोर.

आता दुरुस्ती. नटाखालच्या पितळी सीलच्या चकत्या एकदाच वापरायच्या. जुन्या चकत्या सिलिकॉन लावून परत बसवणाऱ्याला दोन महिन्यांनी हेच काम पुन्हा करावं लागतं. सिलिंडर नवे बसवत असाल तर त्यांचे खालचे नट आधी फक्त हाताने लावा, मॅनिफोल्ड बसवून दोन्ही सिलिंडर एका रेषेत येऊ द्या, मगच खालचे नट आवळा. उलट क्रमाने केलं की मॅनिफोल्ड तिरका बसतो आणि कितीही आवळला तरी गळतो. आणि नटाला त्याचाच पाना लावा. छिन्नी-हातोड्याने ठोकलेल्या नटाचे कान तर जातातच, वर सिलिंडरमधला आट्यांचा निपल (ज्यावर हा नट बसतो तो तुकडा) हलतो आणि त्याची रिव्हेट ढिली होते. मग काम थेट मशीनशॉपमध्ये.

बाकीचे, थोडक्यात

टायमिंग कव्हरचे स्क्रू १/४ इंची, पण इंचाला २४ आट्यांचे. बाजारात मिळतात ते २० किंवा २८ आट्यांचे. एम६ चा स्क्रू मात्र फसवतो: ढिला असला तरी जातो, आणि आवळला की ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो.

पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.०२२ इंच. टायमिंग पुढच्या सिलिंडरवर लावायचं, कॅमच्या अरुंद उंचवट्यावर. रुंद उंचवटा मागच्याचा. इथे गफलत झाली की गाडी फटाके फोडते आणि माणूस पुन्हा कार्ब्युरेटर उघडतो.

डावी मूठ स्पार्कची, म्हणजे ठिणगी किती आधी पडायची ते ठरवणारी आहे. चालू करताना मागे घेतलेला स्पार्क तसाच ठेवून निघालात तर इंजिन भट्टीसारखं तापतं आणि ओढतही नाही. चालू झाल्याबरोबर पूर्ण पुढे.

इथेनॉलच्या पेट्रोलात कार्ब्युरेटरमधल्या बुचाच्या (कॉर्कच्या) तरंगत्या फ्लोटवरचं लाखेचं लेपण विरघळतं, फ्लोट जड होतो आणि कार्ब्युरेटर वाहतो. बुचाचा फ्लोट दिसला की बदला.

सहा व्होल्टला वायर जाड लागते. बारा व्होल्टच्या हिशेबाने बारीक वायरिंग केलं की दिवा काजव्यासारखा जळतो. जनरेटर उघडून पुन्हा बसवला असेल तर इंजिन बंद असताना कटआउटवरचं (चार्जिंग जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेवरचं) बॅटरीचं आणि जनरेटरचं टोक क्षणभर वायरने जोडा, नाहीतर तो उलटा चार्ज करेल.

क्रँककेसला सँडब्लास्ट नको. तेलाच्या वाटांत बसलेली वाळू धुऊन निघत नाही. शिवाय डाव्या क्रँककेसवर कोरलेला नंबर हीच या गाडीची ओळख: १९७० पूर्वीच्या हार्लेच्या फ्रेमवर नंबर नसायचा. १९४२ ते ४५ मधल्या सगळ्या डब्ल्यूएलएवर ‘४२’ हेच साल येतं, त्यामुळे ४४ ची गाडी ‘दुरुस्त’ करायला नंबर घासू नका. अमेरिकेत अशी गाडी जप्त होऊ शकते.

हायवेवर ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर पुरे. मागच्या सिलिंडरला वारा कमी लागतो, आधी तोच जातो.

चालवताना

भारतात गाडी शिकलेल्याचा डावा हात क्लचला सरावलेला असतो. इथे डाव्या लिव्हरला पुढचा ब्रेक आहे आणि क्लच डाव्या पायाखाली: टाच दाबली की सुटतो (इंजिन चाकापासून वेगळं), चवडा दाबला की लागतो. सिग्नलला थांबताना सवयीने डावा लिव्हर ओढला जातो, पुढचं चाक अडतं, क्लच लागलेलाच असतो, गाडी हिसका देऊन बंद पडते, आणि त्यात हँडल वळलेलं असेल तर आडवी होते. क्लचचं पेडल दाबलेल्या जागी तसंच राहतं. म्हणून थांबताना टाच दाबून क्लच सुटा करा, डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. चढावर निघताना उलट: डावा पाय क्लचवर, उजवा जमिनीवर, गाडी पुढच्या ब्रेकवर धरलेली. पण तो ब्रेक मुळातच कमकुवत आहे, तेव्हा ही अदलाबदल रिकाम्या मैदानाच्या उतारावर पन्नासदा करा, मग रस्त्यावर या.