घरी पद्मिनी उभी करताना खोललेल्या सामानाचा हिशोब कसा ठेवावा

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने तयार होऊ लागलेली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झालेली ही गाडी घरी दुरुस्त करण्यास सोपी मानली जाते. १०८९ सीसीचे साधे इंजिन, एक कार्बोरेटर, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). संगणकाचा कोठेही संबंध नाही. तरीही काम अर्धवट सुटते, ते बहुधा कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे, तर कोणता बोल्ट कुठला हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही म्हणून.

पान्हा हाती घेण्यापूर्वी बॅटरी सोडवावी आणि गाडीचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, दारांच्या फटी, बॉनेटखालील वायरिंग यांचे फोटो जवळून घ्यावेत. प्रत्येक फोटोत क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि तोच क्रमांक वहीत उतरवावा. नुसते फोटो मोबाइलमध्ये साठवले, तर ऐनवेळी हवा तो सापडत नाही.

त्यानंतर एका वेळी एकच भाग खोलावा. पुढचे ब्रेक पूर्ण झाल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावू नये. उत्साहाच्या भरात एकाच रविवारी सारी गाडी सुटी करण्याचा मोह होतो आणि नुकसान तिथेच होते. शक्य असेल तेथे बोल्ट काढल्यावर वॉशरसह त्याच्याच छिद्रात दोन आटे फिरवून ठेवावा. जेथे ते जमत नाही, तेथे झाकणाचा प्लास्टिक डबा वापरावा आणि भागाचे नाव लिहिलेली चिठ्ठी डब्याच्या आतही टाकावी, कारण ग्रीसच्या हातांनी हाताळलेली बाहेरची पट्टी हमखास सुटते.

इंजिनाच्या बाबतीत मात्र नाव लिहून भागत नाही, तेथे क्रमही जपावा लागतो. पुठ्ठ्यावर आठ छिद्रे पाडून, ‘पुढची बाजू’ अशी खूण करून, पुशरॉड (रॉकर या तरफेमार्फत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) निघतील त्या क्रमाने त्यांत खोचावेत. चालून चालून प्रत्येकाची झीज आपापल्या रॉकरशी जुळलेली असते. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन व क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या दांड्यांच्या) कॅप तर कधीच एकमेकांत मिसळू नयेत. जुन्या खुणा दिसत नसतील, तर खोलण्याआधीच सिलिंडर क्रमांकाची आणि दिशेची खूण करावी. वायरिंग काढतानाही वायरच्या रंगावर भिस्त ठेवू नये. पन्नास वर्षांत कोणी ना कोणी मिळेल त्या रंगाची वायर जोडलेली असतेच. प्रत्येक टोकाला क्रमांकाची पट्टी लावावी.

नवा भाग प्रत्यक्ष बसेपर्यंत जुना टाकू नये. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग शोधताना हातात जुना नमुना असला, तर दुकानदारही अंदाजाने माल काढत नाही. दाराच्या रबर बीडिंगसाठी तर जुना तुकडा हवाच. क्रोमच्या मुलाम्याला किंवा सिलिंडरच्या बोअरिंगला सामान देताना नग मोजून यादी करावी, फोटो काढावा आणि यादीवर सही घ्यावी. ओळखीच्या माणसाकडे सही मागणे अवघड वाटते, पण घ्यावी.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, पॉलिश केलेल्या धातूच्या भागांना तेल लावून ते बंद पिशवीत ठेवावेत. पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात.

खर्चाच्या पावत्या आणि आरसी पुस्तक वेगळ्या फाइलमध्ये असावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाडीची ‘व्हीए’ या व्हिंटेज गाड्यांच्या मालिकेत नोंदणी करता येते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे नोंदणी कोणती हवी हे रंग, इंजिन किंवा पत्र्यात मोठा बदल करण्याआधी ठरवावे, आणि चासी क्रमांकाच्या जागेवर सँडब्लास्टिंग (वाळूच्या झोताने घासणे) वा पुट्टीकाम होणार नाही, हे पेंटरला काम सुरू होण्यापूर्वीच बजावून ठेवावे.