वाटणीआधी शाखा मोजा
हिंदू वडील मृत्युपत्र न करता गेले, आई-आजीही हयात नाहीत, तर त्यांच्या स्वकष्टार्जित घर-जमिनीचे हिस्से माणसांवर नाही, शाखांवर पडतात; प्रत्येक अपत्याची एक शाखा. एक मुलगा, एक मुलगी हयात आणि आधीच वारलेल्या मुलीची तीन मुलं असतील, तर भाच्यांना मिळून १/३, म्हणजे प्रत्येकी १/९. जावई यात वारस नसतो.

सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली म्हणजे वाटणी झाली असं नव्हे. शेतजमिनीसाठी सगळे राजी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा.

बहिणीकडे हक्कसोडपत्र मागायचंच तर तेराव्याच्या गर्दीत नको; तिला कागद वाचायला, विचार करायला वेळ द्या. ते नोंदणीकृतच हवं. भाचा अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर त्याचा हिस्सा सोडण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्या, नाहीतर सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकतो.